पोट ठणठणीत, पण रिपोर्टमध्ये ‘सिस्ट’! आतड्यातल्या या पाहुण्यांचं करायचं काय?

नवी नोकरी लागली की मेडिकल करावं लागतं. हॉटेलच्या किचनमध्ये काम असेल तर बऱ्याचदा शौचाचीही तपासणी होते. समजा, तुमचा रिपोर्ट आला. रक्त ठीक, साखर ठीक, आणि शौचाच्या तपासणीत मात्र एक ओळ: ‘सिस्ट दिसल्या.’ तुम्हाला ना पोटदुखी, ना जुलाब. भूक व्यवस्थित, झोप व्यवस्थित.

रिपोर्टचा फोटो तुम्ही फॅमिली ग्रुपवर टाकता आणि सल्ले सुरू होतात. काका म्हणतात, जंताची गोळी घेऊन टाक. मावशी म्हणते, बाहेरचं खाणं बंद कर. आणि कोणीतरी घरातल्या कुत्र्याकडे बोट दाखवतंच: ‘त्याला आधी अंगणात बांधा.’

सल्ला देणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. पण ती सिस्ट कोणाची आहे, हे कळल्याशिवाय यातला कोणता सल्ला बरोबर आणि कोणता चूक, हे ठरवता येत नाही. म्हणून आधी हे पाहुणे कोण आहेत ते बघू.

जंत नाहीत, जिवाणूही नाहीत

आपल्या आतड्यात राहणाऱ्यांत जिवाणूंची, म्हणजे बॅक्टेरियांची चर्चा हल्ली खूप होते. दही, ताक, प्रोबायोटिक हे सगळं त्यांच्यामुळेच. दुसरीकडे जंत असतात. ते अनेक पेशींचे बनलेले खरेखुरे प्राणी आणि त्यांतले काही डोळ्यांनी दिसतात.

या दोघांच्या मध्ये तिसरा गट आहे, प्रोटिस्टांचा. अख्खा जीव एकाच पेशीचा, पण ती पेशी जिवाणूपेक्षा बरीच मोठी आणि आतून आपल्या पेशीसारखी. तिला केंद्रक असतं. शाळेत चित्र काढलेला अमिबा याच गटातला. आतड्यात आढळणाऱ्या जिआर्डियाची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित जास्त असते.

यातले बरेच जीव आतड्याबाहेर पडण्यापूर्वी स्वतःभोवती टणक कवच तयार करतात. त्या अवस्थेला सिस्ट म्हणतात. बीसारखीच ही सिस्ट पाण्यात, मातीत, भाजीच्या पानावर टिकून राहते. कोणाच्या तोंडात गेली की आतड्यात उघडते आणि नवा मुक्काम सुरू होतो.

काकांच्या गोळीचं उत्तर इथेच मिळतं. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मुलांना देतात ती गोळी कृमींसाठी असते. आतड्यातल्या अमिबासाठी ती नव्हे.

आजारी माणसाच्याच शौचात शोधलं, म्हणून आजारच सापडला

आतड्यातला प्रोटिस्ट पहिल्यांदा पाहिला तो १६८१ मध्ये. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक या कापड व्यापाऱ्याला स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवण्याचा नाद होता. पोट बिघडलेलं असताना त्याने स्वतःचंच शौच भिंगाखाली धरलं आणि त्यात त्याला हलणारे बारीक जीव दिसले. त्याच्या वर्णनावरून तो जिआर्डिया असावा, असं मानलं जातं.

पुढे १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये लोश या डॉक्टरने आमांशाच्या रुग्णात अमिबा शोधला. इथूनही तेच चित्र पक्कं झालं: शौचात प्रोटिस्ट म्हणजे आजार.

यात एक मोठी गोम आहे. डॉक्टरकडे शौचाचा नमुना घेऊन कोण जातं? ज्याचं पोट बिघडलंय तो. निरोगी माणसाचा नमुना तपासायला कोणी मागतच नाही. त्यामुळे निरोगी लोकांच्या आतड्यात काय आहे, हे फार उशिरापर्यंत नीट कळलंच नाही.

१९१३ मध्ये मनिलामधून एक धक्कादायक प्रयोग प्रसिद्ध झाला. वॉकर आणि सेलर्ड्स या संशोधकांनी बिलिबिद तुरुंगातल्या २० कैद्यांना आमांशाच्या अमिबाच्या सिस्ट खायला दिल्या. तुरुंगातल्या माणसाची ‘संमती’ किती खरी, हा प्रश्न आहेच आणि आजच्या नियमांत असा प्रयोग बसणारच नाही. पण निकाल विचार करायला लावणारा होता. २० पैकी १८ जणांच्या आतड्यात अमिबा वाढला. आमांश झाला फक्त ४ जणांना.

मग बाकीचे १४ जण ठीक कसे राहिले?

एकसारखे दिसणारे दोघे

१९२५ मध्ये एमिल ब्रंप्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक उत्तर सुचवलं. त्याच्या मते हा एक अमिबा नव्हता, दोन होते. एक आतड्याच्या भिंतीत घुसून जखमा करणारा, एन्टामिबा हिस्टोलिटिका. दुसरा दिसायला अगदी तसाच, पण निरुपद्रवी. त्याला ब्रंप्टने एन्टामिबा डिस्पार असं नाव दिलं.

बहुतेकांनी ते मानलं नाही. कारण सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या सिस्ट हुबेहूब सारख्या दिसतात. जनुकीय तपासणी आली तेव्हा ब्रंप्ट बरोबर ठरला. १९९३ मध्ये हे दोन वेगळे जीव असल्याचं रीतसर मान्य झालं. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या बैठकीने सांगितलं की फक्त डिस्पार असेल तर औषध देण्याची गरज नाही.

म्हणजे मधली जवळजवळ ७० वर्षं जगभर असंख्य लोकांना ‘तुमच्या पोटात अमिबा आहे’ असं सांगून अशा जीवासाठी औषध दिलं गेलं, जो त्यांचं काहीच बिघडवत नव्हता. जगाच्या बहुतेक भागांत डिस्पारच जास्त आढळतो. इतकंच नाही, खऱ्या हिस्टोलिटिकाची लागण झालेल्यांपैकीही बहुतेक जण आजारी पडत नाहीत.

आजही साध्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली सिस्ट बघून रिपोर्ट लिहिला जातो. त्यामुळे ‘एन्टामिबाच्या सिस्ट’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तो या दोघांपैकी कोण हे त्या ओळीवरून कळत नाही.

जगातला सगळ्यात कॉमन पाहुणा: ब्लास्टोसिस्टिस

आता अशा जीवाकडे येऊ, ज्याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं पण जो बहुधा आपल्यातल्या अनेकांच्या पोटात आहे. ब्लास्टोसिस्टिस. जगात १०० कोटींहून जास्त लोकांच्या आतड्यात तो असावा, असा अंदाज आहे.

दिसायला गोल फुग्यासारखा. शंभरेक वर्षांपूर्वी त्याचं वर्णन झालं तेव्हा कोणी त्याला यीस्ट म्हटलं, कोणी आणखी काही. १९९६ मध्ये जनुकांवरून त्याची भावकी कळली आणि सगळेच चकित झाले. त्याचे नातेवाईक म्हणजे समुद्रातलं तपकिरी शेवाळ, आणि १८४० च्या दशकात आयर्लंडच्या बटाट्याचं पीक कुजवून दुष्काळ आणणारा करपा!

आता निरोगी लोकांमधले काही आकडे बघा. आयर्लंडमध्ये २०१४ मध्ये निरोगी प्रौढांचे नमुने तपासले, तेव्हा ५६ टक्के लोकांत ब्लास्टोसिस्टिस सापडला. चेक प्रजासत्ताकात पोटाची तक्रार नसलेल्या २८८ जणांची तपासणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात साधारण चौघांतल्या एकाकडे तो होता. युरोपबाहेर प्रवास करून आलेले, १८ वर्षांखालचे आणि घरी गुरंढोरं पाळणारे यांच्यात प्रमाण जास्त दिसलं. सेनेगल नदीच्या खोऱ्यात तर ९३ मुलं तपासली आणि ९३ च्या ९३ मुलांमध्ये तो निघाला.

आपल्याकडचं काय? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये निरोगी भारतीयांवरचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. कुठलीही तक्रार नसलेल्या लोकांमध्ये हा पाहुणा इथेही सापडला.

२०२४ मध्ये याहून मोठं काम समोर आलं. इटलीतल्या ट्रेंटो विद्यापीठाच्या पुढाकाराने ३२ देशांतल्या ५६,९८९ लोकांच्या आतड्यातली जनुकीय माहिती तपासली गेली. ज्यांच्याकडे ब्लास्टोसिस्टिस होता, त्यांचा आहार सरासरीने जास्त चांगला, भाज्या-फळांचा होता. त्यांचं वजन, रक्तातली साखर आणि चरबी यांचे आकडेही तुलनेने बरे होते.

इथे थांबा. ‘ब्लास्टोसिस्टिस असेल तर हृदय निरोगी’ असा फॉरवर्ड पाठवू नका. भाज्या खाणाऱ्यांचं आतडं या जीवाला आवडत असेल आणि तब्येत भाज्यांमुळेच चांगली असेल, असंही असू शकतं. कशामुळे काय झालं, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण ‘सापडला म्हणजे मारायलाच हवा’ हा जुना समज आता टिकत नाही, एवढं नक्की.

मग औषध घेतलं तर बिघडलं काय?

‘असू दे नसू दे, एक कोर्स करून टाकू’ असं आपल्याला सहज वाटतं. या प्रश्नाचं थेट उत्तर डेन्मार्कमध्ये शोधलं गेलं.

डायएन्टामिबा नावाचा आणखी एक आतड्यातला प्रोटिस्ट आहे. युरोपात मुलांमध्ये तो खूप आढळतो. पोट दुखतंय आणि शौचात हा जीवही आहे, अशा ९६ मुलांचे दोन गट केले. एका गटाला १० दिवस मेट्रोनिडाझोल दिलं, दुसऱ्याला औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली मात्रा. कोणाला काय मिळालं, हे ना मुलांना माहीत ना डॉक्टरांना.

२०१४ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांतल्या मुलांना सारखाच आराम पडला. औषधाने जीव काही काळ कमी झाला खरा, पण आठ आठवड्यांनी औषध घेतलेल्यांतल्या जेमतेम पाव मुलांमध्येच तो नाहीसा राहिला होता. म्हणजे पोटदुखीचं कारण दुसरंच काही होतं. रिपोर्टमध्ये हा जीव दिसला म्हणून दोष त्याच्या माथी मारला गेला.

मेट्रोनिडाझोल गरजेच्या वेळी फार उपयोगी औषध आहे. पण ते आतड्यातल्या कामाच्या जिवाणूंनाही मारतं, तोंडाला धातूसारखी चव आणतं, मळमळ करतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खरं कारण शोधायचं राहून जातं.

आता येऊ कुत्र्याकडे, गाईकडे आणि कोंबड्यांकडे

घरात जनावर असेल तर आतड्यातले जीव इकडून तिकडे जातात का? काही जातात, बरेच जात नाहीत. नाव एकच असलं तरी कुळी वेगवेगळ्या असतात.

जिआर्डियाचंच घ्या. त्याच्या कुळींना शास्त्रज्ञांनी ए, बी, सी अशी अक्षरं दिली आहेत. माणसात मुख्यतः ए आणि बी आढळतात. कुत्र्यांच्या खास कुळी सी आणि डी. गाई, शेळ्या, मेंढ्या यांची ई. मांजरांची एफ, उंदरांची जी. त्यामुळे कुत्र्याच्या शौचात जिआर्डिया सापडला, म्हणजे तोच तुमच्या पोटात आला, असं होत नाही.

पण ए आणि बी या कुळी प्राण्यांतही राहू शकतात. आसाममधल्या चहामळ्यांच्या वस्त्यांत माणसं आणि त्यांच्यातच वावरणारी कुत्री यांचा एकत्र अभ्यास झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात, एकाच वस्तीतल्या कुत्र्यांकडून माणसांना लागण होत असावी, याचे पुरावे मिळाले. जिथे कुत्री मोकळी फिरतात आणि उघड्यावर शौच होतं, तिथे ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

ब्लास्टोसिस्टिसचंही असंच. माणसात बहुतेक वेळा १ ते ४ क्रमांकाचे प्रकार असतात. ५ डुकरांत, ६ आणि ७ पक्ष्यांत, १० आणि १४ गुराढोरांत जास्त. अधूनमधून एखादा प्रकार हद्द ओलांडतो, पण नेहमीचा कारभार आपापल्या घरात चालतो.

खरी काळजी घ्यायची ती वासरांच्या बाबतीत. हगवण लागलेल्या नवजात वासराच्या शेणात क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम हा जीव प्रचंड संख्येने असू शकतो आणि तो माणसाला थेट लागतो. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वासरं हाताळल्यावर जुलाब होण्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत.

पण इथेही आळ घेताना जपून. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरला आणि अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. आसपासच्या गोठ्यांवर संशय गेला. नंतर रुग्णांच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा त्यात निघाला तो माणसांमध्ये फिरणारा प्रकार.

आणि गाईला या जीवांचं वावडं नाही, उलट तिच्या पोटात त्यांची वसाहतच असते. कोटीपोटातल्या एका मिलिलिटर द्रवात लाखांच्या घरात प्रोटिस्ट पोहत असतात आणि चारा पचवायला हातभार लावतात. वाळवीच्या काही जातींचं तर त्यांच्याशिवाय चालतच नाही. १९२० च्या दशकात क्लीव्हलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने वाळवीच्या आतड्यातले प्रोटिस्ट काढून टाकले. वाळवी लाकूड खात राहिली, पण पचवता न आल्यामुळे उपासमारीने मेली.

‘निरुपद्रवी’ म्हणजे सगळेच नाही

इथवर वाचून ‘म्हणजे काळजीचं कारणच नाही’ असं वाटलं असेल, तर हा भाग नीट वाचा.

पाच वर्षांखालच्या मुलांमधल्या गंभीर जुलाबांची कारणं शोधणारा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. आफ्रिका आणि आशियातल्या सात ठिकाणी तो झाला, त्यात कोलकाताही होतं. तान्ह्या मुलांमध्ये रोटाव्हायरसनंतर सगळ्यात मोठं कारण निघालं क्रिप्टोस्पोरिडियम. म्हणजे मोठ्या माणसाला चार दिवस त्रास देऊन जाणारा हा जीव बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

याच अभ्यासात जिआर्डिया मात्र गंभीर जुलाब झालेल्या मुलांपेक्षा जुलाब नसलेल्या मुलांत जास्त सापडला. मग तो निर्दोष का? तसंही नाही. आठ देशांत बाळांना जन्मापासून दोन वर्षं पाहणारा दुसरा एक अभ्यास झाला. आपल्याकडचं वेल्लोर त्यात होतं. ज्या बाळांच्या आतड्यात जिआर्डिया लहान वयातच येऊन टिकून राहिला, त्यांची वाढ कमी भरली. जुलाब नव्हते, म्हणून घरच्यांना काही कळलंही नसेल. मोठ्या माणसात ‘त्रास नाही म्हणजे ठीक’ हे बहुतेकदा चालतं. बाळाच्या बाबतीत वजन-उंचीचा तक्ताही बघावा लागतो.

आणि एन्टामिबा हिस्टोलिटिका हा खरा शत्रू आहेच. तो आतड्यातून यकृतात पोहोचला तर तिथे गळू होतो. म्हणून तपासणीत नक्की हिस्टोलिटिकाच निघाला, तर त्रास नसला तरी डॉक्टर औषध देतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

- शौचातून रक्त किंवा आव पडत असेल, सोबत ताप असेल.
- जुलाब दोन आठवड्यांहून जास्त चालले असतील किंवा वजन उतरत असेल.
- ताप आणि पोटाच्या उजव्या बाजूला वर, बरगडीखाली दुखत असेल.
- बाळ दोन वर्षांखालचं असेल, त्याला जुलाब होत असतील किंवा वजन वाढत नसेल.
- घरात कोणी एचआयव्हीबाधित, केमोथेरपी घेणारं किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल आणि त्यांना जुलाब सुरू झाले असतील.

जनावर असलेल्या घरात काय पाळायचं?

- गोठ्यातून, खुराड्यातून आल्यावर साबण लावून हात धुवा. सॅनिटायझर अशा सिस्टवर फारसा चालत नाही.
- पाणी उकळा. खळखळून एक मिनिट उकळलं तरी पुरे. क्लोरीनच्या थेंबांनी जिवाणू मरतात, क्रिप्टोस्पोरिडियम मात्र दाद देत नाही.
- हगवण लागलेलं वासरू वेगळं बांधा, लहान मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नका. दूध उकळूनच प्या.
- रांगणारं बाळ आणि कोंबड्यांची विष्ठा एका अंगणात नको.
- कुत्र्याची शी रोज उचला, नळ आणि विहिरीपासून लांब पुरा.
- मांजर असेल आणि घरात गर्भवती असेल, तर मांजरीचा ट्रे दुसऱ्या कोणीतरी रोज साफ करावा. मांजरीच्या शौचातून येणारा टॉक्सोप्लाझ्मा लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. रोजची सफाई त्याच्या आधी होते.

आता तो रिपोर्ट पुन्हा बघा

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. हा नेमका कोणता जीव आहे? एन्टामिबा असेल तर हिस्टोलिटिका की डिस्पार, हे सांगणारी अँटिजेन किंवा पीसीआर तपासणी करता येईल का? आणि माझ्या तब्येतीत औषध घेण्यासारखं काही आहे का?

उत्तर ‘ब्लास्टोसिस्टिस आहे, त्रास काही नाही’ असं आलं, तर गोळ्यांची गरज बहुधा पडणार नाही. तुम्ही जेवण बनवण्याच्या कामात असाल, तर साबणाने हात धुण्याचा नियम मात्र रिपोर्ट काहीही असला तरी पाळायचाच.

आणि कुत्र्याला घरात येऊ द्या. त्याच्या पोटात पाहुणे असतीलच, पण ते बहुतेक त्याचेच आहेत.